एका ताटातील ऊर्जा

विजेचा दिवा किती वॅटचा आहे हे त्याच्यावर छापलेले असते. तसा आकडा तुमच्या धाकट्या भावंडावर छापायचा झाला, तर तो किती असेल?

गणित सोपे आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४१८४ ज्यूल, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येते ८२. म्हणजे हे मूल रात्रंदिवस जळणारा ८२ वॅटचा दिवाच! झोपेत तो मंदावतो, खेळताना प्रखर होतो, पण विझत कधीच नाही.

दिव्याला वीज तारेतून सतत मिळते. मुलाला ऊर्जा मिळते ती अन्नातून, आणि दोन जेवणांत तर बरेच तास जातात. त्या वेळेसाठी शरीर साठा करते. भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थांची साखर होते आणि तिचा काही भाग यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवला जातो. मधल्या काळात मेंदूला साखर पुरते ती मुख्यतः या साठ्यातून. अडचण अशी, की सात-आठ वर्षांच्या मुलाचा मेंदू जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो. यकृत मात्र लहानच असते. खर्च मोठ्याचा, कोठार लहानाचे! म्हणून उपाशी मुलाचा साठा मोठ्या माणसाच्या आधी संपत येतो.

आता एखाद्या मजुराचे घर डोळ्यांपुढे आणा. आईवडील पहाटेच कामाला गेले, सकाळी चूल पेटलीच नाही. रात्री आठला जेवलेल्या मुलाला दुपारी बारापर्यंत सोळा तासांचा उपास घडतो. शरीर मग काटकसर करू लागते. मूल हालचाल कमी करते, त्याचे लक्ष लागत नाही, फळ्यावरचे अक्षर दिसते पण डोक्यात शिरत नाही. असे महिनोन्महिने चालले तर त्याची वाढही खुंटते. अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्यालाही लागू आहे. आत ऊर्जा गेलीच नाही, तर बाहेर पाढे कुठून येणार?

यावर उपाय म्हणून मद्रास राज्यात (आजच्या तामिळनाडूत) मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ साली शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते खूप वाढवले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी अशी राष्ट्रीय योजना सुरू झाली. मात्र महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तेव्हा शिजवलेले अन्न न देता, नियमित हजर राहणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य देत असत.

यात बिघडले काय? पुन्हा गणित करू. तीन किलो म्हणजे रोजचे १०० ग्रॅम, ऊर्जा सुमारे ३५० किलोकॅलरी. पण घरी गेलेले धान्य सर्वांचे होते. पाच माणसांत वाटले, तर मुलाच्या वाट्याला आल्या अवघ्या ७० किलोकॅलरी. एकाला वाढून बाकीच्यांना उपाशी ठेवणे कोणत्या आईला जमेल? दोष आईचा नव्हे, भागाकाराचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी आज रोजचे प्रमाण असे ठरलेले आहे : धान्य १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५० आणि तेल ५ ग्रॅम. तांदळातून सुमारे ३५०, डाळीतून ७०, तेलातून ४५ आणि भाजीतून थोड्या किलोकॅलरी मिळतात. या ताटातून निदान ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. ४५० किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ १९ लाख ज्यूल. आपला ८२ वॅटचा दिवा त्यावर सहा तासांहून थोडा अधिक चालेल. म्हणजे साधारण शाळेचा एक दिवस!

डाळीचे काम ऊर्जेपुरतेच नाही. शरीर बांधायला लागणारे लायसिन हे अमिनो आम्ल तांदळात कमी असते, डाळीत भरपूर. उलट डाळीत जे कमी, ते मेथिओनिन तांदळात असते. म्हणून नुसत्या भातापेक्षा खिचडी किंवा वरण-भात शरीराच्या अधिक कामी येतो.

पण दिवसाचे उरलेले अठरा तास? ते घरच्या चुलीवर, म्हणजेच आईवडिलांच्या मजुरीवर आणि रेशनच्या धान्यावर अवलंबून असतात. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर शाळेचे ताटही नसते. हे एक जेवण सारी भूक मिटवू शकत नाही. मात्र शिकण्याच्या वेळी मेंदूला ऊर्जा कमी पडू नये, एवढे ते करू शकते.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या शाळेत खिचडी शिजते त्या दिवशी गुरुजींच्या परवानगीने तांदूळ, डाळ आणि तेल यांची वजने आणि जेवणाऱ्या मुलांची संख्या लिहून घ्या. भागाकार करा आणि वरच्या प्रमाणाशी ताडून पाहा. एका ताटात डाळ दहा ग्रॅमने कमी पडली, तर सुमारे दोन ग्रॅम प्रथिने कमी होतात. चवीवरून हे कळेलच असे नाही. तराजूवर मात्र नक्की कळेल.