नाशिकची कॅबर्ने-शिराझ : एका संमिश्रणाची कारणमीमांसा

तांबड्या द्राक्षमद्यात दोन वाणांचे मिश्रण का करावे, या प्रश्नाचे उत्तर युरोपात बहुधा परंपरेत शोधले जाते. नाशिकच्या बाबतीत ते ऋतुमानात शोधावे लागते. गंगापूर धरणाच्या परिसरात विसाव्या शतकाच्या अखेरीस मद्यद्राक्षांची लागवड झाली व महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर तीस वेग आला. तेव्हापासून कॅबर्ने सोव्हिन्यो व शिराझ यांचे संमिश्रण या प्रदेशाची ओळख बनले आहे.

फ्रान्समधील वेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि तिचे घड शरदात, हवा निवत असता पिकतात. नाशिक २० उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील वेलीस अशी गाढ निद्रा लाभत नाही. म्हणून छाटणी दोनदा करावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते; पावसाळा ओसरताच केलेल्या दुसऱ्या छाटणीने घड धरतात. डोळे एकसारखे फुटावेत यासाठी त्यांस हायड्रोजन सायनामाइड लावतात. परिणामी घड थंडीत वाढतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असता, पक्व होतात. हा क्रम युरोपच्या नेमका उलट होय. उष्णतेने फळातील मॅलिक आम्ल श्वसनात झपाट्याने खर्ची पडते, साखर वेगाने चढते. साल व बी यांतील टॅनिन मात्र मागे राहते. मद्यकारास थांबण्याची सवड उरत नाही.

याचा जाच कॅबर्नेस अधिक होतो. मणी लहान, साल जाड, टॅनिन विपुल. अपुऱ्या पक्वतेत त्यास ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास येतो. शिराझ तुलनेने लवकर पिकते, तिचा रस भरदार व मऊ असतो. कॅबर्नेचा कणा व शिराझचा भराव, असा हा मेळ आहे. एकोणिसाव्या शतकात बोर्डोचे व्यापारीही ऱ्होन खोऱ्यातील गडद मद्य आपल्या मद्यात मिसळत, आणि ऑस्ट्रेलियाने ही जोडी रूढ केली. तथापि नाशिकच्या संमिश्रणास नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. (बोर्डो हे नाव येथील बागायतदारास केवड्यावरील मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यामुळेच अधिक परिचित!)

भोजनाशी मेळ घालताना युरोपीय कोष्टके फारशी उपयोगी पडत नाहीत. टॅनिन लाळेतील प्रथिनांस बांधते, म्हणून तोंड तुरट होते. मांसातील प्रथिने व स्निग्धांश ही तुरटी सौम्य करतात. परंतु मिरचीतील कॅप्सेसिनचा दाह मद्यार्काने वाढतो. यास्तव तर्रीदार वऱ्हाडी रश्श्याशी हे मद्य जुळत नाही. भाजलेले मटण, खिमा किंवा निखाऱ्यावरील वांग्याचे भरीत त्यास अधिक मानवते. तिखटाऐवजी मिरे वापरल्यास मेळ विशेष साधतो, कारण मिऱ्यास वास देणारे रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही आढळते, हे २००८ साली निदर्शनास आले. तांबडे मद्य खोलीच्या तापमानास प्यावे, हा दंडकही थंड देशांतील खोल्यांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावी मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेथे बाटली १६ ते १८ अंशांपर्यंत निववूनच उघडावी लागेल.