खोली कुठली, ते आधी विचारा

चौबे कॉलनीतल्या माझ्या आतेबहिणीने परवा चहाचा कप बाजूला सारून फोन माझ्यापुढे धरला. ‘‘दादा, हे बघ. पाच तारे, संगमरवरी जिना, केवढं मोठं झुंबर! घेऊन टाकू?’’ तिच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होताहेत. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, घराचे हप्ते संपले, आणि मेहुण्यांनी ठरवलं की आयुष्यात एकदा तरी युरोपातल्या एका शहरात, एकाच ठिकाणी, उत्तम हॉटेलात पाच रात्री राहायचं. आठ दिवसांत सहा देश आणि रोज पहाटे बॅगा दाराबाहेर, तसली सहल नको. शहर ठरलं फ्लॉरेन्स.

मी विचारलं, ‘‘खोली कुठली आहे?’’

‘‘खोली? मी हॉटेल दाखवतेय ना!’’

तिची चूक नव्हती. आपण रायपूरकर चांगलं हॉटेल म्हटलं की जे डोळ्यांसमोर आणतो, ते नव्या बांधणीचं असतं. व्हीआयपी रोडवरची लग्नाची लॉन आठवा, किंवा नवा रायपूरला झांझ तलावाकाठचं मेफेअर. जमीन मुबलक, त्यामुळे ऐसपैस पोर्च, गाडी दारात, रुंद लिफ्ट, आणि एका दर्जाच्या सगळ्या खोल्या जवळपास एकाच नकाशाच्या. तिथे हॉटेल निवडलं की खोली निवडल्यासारखीच असते. युरोपच्या जुन्या शहरात हे गणित चालत नाही. तिथलं आलिशान हॉटेल बहुतेकदा हॉटेल म्हणून बांधलेलंच नसतं. कुणा सरदाराचा वाडा, कुणा सावकाराची हवेली, कधी मठ. व्हिएन्नाचं इम्पीरियल हे वुर्टेम्बर्गच्या ड्यूकचा प्रासाद होतं. १८७३च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याचं हॉटेल झालं. फ्लॉरेन्सचं फोर सीझन्स पंधराव्या शतकातल्या पलाझ्झो देला गेरार्देस्कात आहे. शेजारच्या फिएझोले टेकडीवरचं व्हिला सान मिकेले हा फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता.

वाड्यात सगळ्या खोल्या सारख्या नसतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसं राहताहेत, तात्यापारा-बूढापाऱ्यातली जुनी घरं आपण आतून पाहिली आहेत. दिवाणखाना एक, माजघर दुसरं, आणि माडीवरची अडगळीची खोली तिसरी. तसंच तिथे. लिफ्ट नव्हती तेव्हा मालक तळमजल्याच्या वरच्या मजल्यावर राहत: उंच छत, रंगवलेल्या तक्तपोशी, मोठ्या खिडक्या. इटालियनमध्ये त्या मजल्याला ‘पियानो नोबिले’ म्हणतात, म्हणजे खानदानी मजला. जिना जितका चढाल तितकी माणसं साधी होत जायची. अगदी वर, उतरत्या छपराखाली, नोकरचाकर. पुढे लिफ्ट आली आणि वरच्या मजल्यांना देखाव्याची किंमत आली. लंडनचं सॅव्हॉय १८८९ साली उघडलं तेव्हा विजेचे दिवे आणि लिफ्ट हीच त्याची मिरवण्याची मोठी गोष्ट होती. आज वाड्यांच्या त्याच उतरत्या छपराखाली गच्ची आणि घुमटाचं दर्शन असलेला महागडा सुइटही असतो, आणि त्याला लागूनच डोकं आपटेल अशी छोटी खोलीही. दोन्हींच्या दारावर नाव एकाच हॉटेलचं.

ही गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी रोममध्ये एका पंचतारांकित हॉटेलात आम्ही दोघं उतरलो. दालन फोटोत होतं तसंच होतं, फुलं ताजी होती. खोली ‘क्लासिक’ दर्जाची. मी आपला समजत होतो, क्लासिक म्हणजे जुन्या थाटाची. ती निघाली अठरा चौरस मीटरची, न्हाणीघर धरून. म्हणजे साधारण एकशे नव्वद चौरस फूट. दोन बॅगा एका वेळी उघडता येईनात; एक उघडायची तर दुसरी पलंगाखाली सारायची. खिडकी होती, पण ती हवेसाठी ठेवलेल्या अरुंद चौकात उघडायची. समोर हातभर अंतरावर भिंत, त्या भिंतीवरून उतरणारा पाण्याचा पाइप, आणि खालून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज. हिने पडदा ओढून घेतला आणि तीन दिवस तो तसाच राहिला. स्वागतकक्षावर विचारलं तर त्यांनी अगदी नम्रपणे बुकिंगचा कागद दाखवला. आकडा तिथे छापलेला होता. मीच वाचला नव्हता.

तेव्हा पहिलं काम, वेबसाइटवरची झुंबरं सोडून खोलीच्या प्रकारांच्या पानावर जायचं. तिथे प्रत्येक प्रकारापुढे चौरस मीटर दिलेले असतात. त्याला पावणेअकराने गुणलं की आपले फूट मिळतात. अठरा-वीस मीटर म्हणजे दोघांची अडचण, पंचवीस म्हणजे सुखाची, तीसच्या पुढे आरामखुर्ची आणि चहाचं टेबल येतं. ‘क्लासिक’, ‘सुपीरियर’, ‘डिलक्स’ हे शब्द कुठल्याही कायद्याने बांधलेले नाहीत. बऱ्याच ठिकाणी ‘सुपीरियर’ हा खालून पहिला किंवा दुसरा दर्जा असतो. माझं मत स्पष्ट आहे: नामांकित हॉटेलातली सर्वांत स्वस्त खोली घेण्यापेक्षा त्याच पैशांत थोड्या कमी नावाच्या हॉटेलातली चांगली खोली घ्यावी. झुंबराखाली आपण दिवसातून दोनदा जातो, खोलीत आठ तास असतो.

ताऱ्यांचंही थोडं समजून घ्यायला हवं. आपल्याकडे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांना तारे देते. युरोपात सर्वांना लागू असा एकच नियम नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांनी २००९मध्ये ‘हॉटेलस्टार्स युनियन’ स्थापून दोनशेहून अधिक समान निकष ठरवले. नंतर आणखी देश त्यात आले. फ्रान्सची पद्धत निराळी. तिथे पाचवा तारा आला तोच २००९मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच्याही वर ‘पॅलेस’ नावाचा मान निर्माण झाला. इटलीत तारे प्रांतवार ठरतात. शिवाय तारे मोजतात सोयी: स्वागतकक्ष किती तास उघडा, लिफ्ट आहे का, खोलीत तिजोरी आहे का. खिडकीसमोर भिंत आहे की नदी, हे कुठलाच तारा सांगत नाही. त्यासाठी हॉटेलला पत्रच लिहावं लागतं.

आणि पत्र लिहायला संकोच करू नये. चांगल्या हॉटेलात कन्सिएर्झ नावाचा माणूस असतो. कोटाच्या कॉलरवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर समजा, तो ‘ले क्ले दोर’ या संघटनेचा सदस्य. ही परंपरा १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. संग्रहालयाच्या वेळा, ऑपेराची तिकिटं, रात्री उघडं औषधाचं दुकान, शाकाहारी जेवणाचं टेबल हे सगळं त्याचं काम. त्यासाठीच आपण जास्तीचं भाडं देतो. फ्लॉरेन्समधली उफ्फीत्सी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड ठेवलेली अकादेमिया, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हे त्याला आधी विचारलं की कळतं. दारात पोचून कळलं तर एक दिवस गेला.

बहिणीला मी प्रश्न लिहून दिले. खोली कुठल्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे की आतल्या अंगणाकडे? फ्लॉरेन्समध्ये अरुंद दगडी गल्ल्यांत रात्रीचा आवाज भिंतींवर आपटून वर चढतो, आणि चर्चच्या घंटा सकाळी सकाळी सुरू होतात. झाडं असलेलं अंगण असेल तर तीच बाजू मागावी. पण रोमसारखा तो हवेचा चौक निघू नये म्हणून त्या खिडकीचा फोटो मागवावा. पलंग एकसंध आहे की दोन जोडलेले? किटली आहे का? लंडनच्या खोलीत चहाचं सामान बहुधा असतं, इटली-फ्रान्समध्ये उंची हॉटेलातही नसू शकतं, कारण कॉफी खाली बारमध्ये जाऊन प्यायची अशी तिथली रीत. मागितली तर देतात. आणि ज्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण घरोघरी विचारतात ते: शौचालयात पाण्याची सोय. इटलीत ही चिंता बरीच कमी. १९७५च्या नियमाने तिथे घरात बिडे बसवणं बंधनकारक केलं, त्यामुळे हॉटेलांतही तो सर्रास दिसतो. पॅरिस-व्हिएन्नात मात्र विचारूनच घ्यावं.

आता रायपूरहून निघणाऱ्याची खास अडचण. माना विमानतळावरून दुपारी किंवा संध्याकाळी दिल्ली-मुंबई, तिथे चार-पाच तास बसणं, मध्यरात्रीनंतर युरोपचं विमान, आणि तिथे उतरायचं सकाळी सहा-सातला. रोमहून फ्लॉरेन्सची वेगवान गाडी दीड तासात पोचवते. म्हणजे दुपारच्या आत, जवळजवळ एक दिवस अंगावर घेऊन, तुम्ही हॉटेलच्या दारात. आणि खोली मिळते तीन वाजता! पाय सुजलेले, कपडे चुरगळलेले, आणि त्या सुंदर दालनात पाहुण्यासारखं बसून राहायचं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सुरुवात अशी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. खोली लवकर मिळेल का हे लेखी विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर आंघोळीची, कपडे बदलायची तरी सोय आहे का ते पाहावं. उत्तर तिथेही ‘नाही’ असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी. वरचा दर्जा घेण्यापेक्षा या एका रात्रीचे पैसे जास्त सार्थकी लागतात.

जागेचंही तसंच. फोर सीझन्सला शहराच्या आतच एकरांनी मोजावी अशी बाग आहे, पण कॅथेड्रलच्या मुख्य घुमटापासून पायी पंधरा मिनिटं. फ्लॉरेन्सच्या रिपब्लिक चौकातलं सॅव्हॉय (लंडनचं वेगळं) घुमटाच्या अगदी जवळ, पण बाग नाही. व्हिला सान मिकेलेतून सगळं शहर पायाशी दिसतं, मात्र प्रत्येक फेरीला गाडी लागते. दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसांनी मधलीच जागा घ्यावी. सकाळी हिंडावं, दोनला परतावं, पाचला पुन्हा निघावं. हे टेकडीवरून जमत नाही.

पैशांत दोन गोष्टी नंतर उगवतात. एक, शहराचा कर, जो बहुधा भाड्यात धरलेला नसतो. रोममध्ये पंचतारांकित हॉटेलात माणशी रोज १० युरो, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे ८०. अॅम्स्टरडॅममध्ये २०२४पासून भाड्याच्या साडेबारा टक्के. दुसरी, न्याहारी. उंची हॉटेलात ती वेगळी घेतली तर दोघांची मिळून चांगल्या जेवणाएवढी पडू शकते, म्हणून धरलेली आहे की नाही ते पाहावं. स्वस्त म्हणून ‘पैसे परत नाहीत’ या अटीचा दर कधीही घेऊ नये. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीचं बुकिंग जोडावं लागतं, दोघांच्याही नावाने, सोबत ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. व्हिसा नाकारला गेला तर त्याचं ९० युरो शुल्क जातंच, वर हॉटेलचेही जायला नकोत. भाडं कमी करायचं असेल तर तारखा हलवाव्यात. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर फ्लॉरेन्समध्ये शांत असतो, संग्रहालयांत रांगा कमी, जुन्या इमारतीतल्या अपुऱ्या वातानुकूलनाचा प्रश्नच नाही. पाचच्या सुमारास अंधार पडतो हे खरं. म्हणूनच तेव्हा खोली चांगली हवी.

नोव्हेंबर आणि फ्लॉरेन्स म्हटलं की मला एक मराठी माणूस आठवतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोप पाहायला गेले. जेमतेम विशीतले. परतीच्या वाटेवर आजारी अवस्थेत ते फ्लॉरेन्सला आले, आणि ३० नोव्हेंबरला तिथल्या हॉटेलातच वारले. परक्या शहरात चिता पेटवायची कुठे? खास परवानगी मिळाली, आणि आर्नोला मुन्योने नदी जिथे मिळते त्या संगमावर, कासीने बागेच्या पश्चिम टोकाला, त्यांना अग्नी दिला. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली, खाली त्यांचा अर्धपुतळा. पुढे शेजारी पूल झाला, त्यालाही लोक ‘इंदियानो’चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. युरोपातल्या मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मराठी प्रवाशांपैकी ते एक.

बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने हॉटेलला लिहिलेल्या पत्रात शेवटी एक ओळ वाढवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते तिने मला वाचून दाखवलं. झुंबरवालं हॉटेल तिने सोडलं होतं. हे दुसरं, नदीपासून दोन गल्ल्या आत, एका ताऱ्याने कमी. खोली अठ्ठावीस मीटरची, दुसऱ्या मजल्यावर, अंगणात लिंबाची झाडं आहेत, खिडकीचा फोटो सोबत जोडला आहे. पलंग एकसंध मिळेल. किटली ठेवतो. साडेबाराला खोली तयार असेल. आणि छत्रीपर्यंत बागेतून पायवाट आहे, पण नोव्हेंबरात ऊन लवकर जातं, तेव्हा दुपारी तीनच्या आत निघा. येताना टॅक्सी बोलावून ठेवू.

मेहुणे म्हणाले, ‘‘फुलं तिथे मिळतील का, तेही विचारून ठेव.’’