पिकअपची 'जाळी' काढून टाकली तर चालतं का? कायदा, हिशोब आणि सरळ मार्ग

छोट्या व्यवसायाच्या खर्चावर आपण नेहमी बोलतो. आज बोलूया धंद्याच्या चार चाकांवर, म्हणजे डिझेल पिकअपवर. व्हिडिओत कलमं आणि आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. वाचा आणि गाडीच्या कागदांच्या फाइलीत एक प्रिंट ठेवा.

प्रश्न आला गोरेगावहून, म्हणजे आपल्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून, एका पिकअपवाल्या भावाकडून. हळद, सोयाबीन, तूर भरायची आणि हिंगोली, सेनगाव, रिसोड, वाशीम असे बाजार करायचे, हा त्याचा धंदा. गाडी बीएस-6. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढ सोडते, शोरूमवाले मोठा खर्च सांगतात. आणि गॅरेजवाला म्हणतो, "जाळीच काढून टाकू, ईजीआर बंद करू, प्रोग्रॅम मारू. परत कटकट नाही, अॅव्हरेज पण वाढेल."

भावाचा प्रश्न एका ओळीचा होता: सर, हे कायद्यात बसतं का?

उत्तरही एका ओळीचं आहे: नाही बसत. पण नुसतं 'नाही' म्हणून कोणाचं समाधान होत नाही. म्हणून का नाही, पकडलं तर काय होतं आणि मग करायचं काय, हे एकेक करून बघू.

आधी समजून घ्या, काढतात ते नेमकं काय

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 लागू झालं. पंपावरच्या डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर आलं आणि गाड्यांच्या धुराचे नियम कडक झाले. पिकअपच्या वजनी गटात बीएस-4 ला किलोमीटरमागे 60 मिलिग्रॅम काजळी चालत होती, ती बीएस-6 ला 4.5 मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइड 390 मिलिग्रॅमवरून 125 वर आलं. एवढी घट नुसतं इंजिन ट्यून करून होत नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते:

- ईजीआर: जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो. त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतं.
- डीपीएफ: हीच ती मिस्त्री लोकांची 'जाळी'. काजळी पकडून ठेवते आणि ठरावीक वेळाने जास्त तापमानाला जाळून टाकते. या जाळण्याला रिजनरेशन म्हणतात.
- एससीआर आणि डीईएफ: युरियाचं पाणी फवारून नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन करतात.
- सेन्सर आणि ओबीडी: हे सगळं काम करतंय की नाही, यावर लक्ष ठेवतात. दिवा लावणारे हेच.

तुमच्या मॉडेलमध्ये यातलं काय काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. सगळ्या गाड्यांत सगळं नसतं.

ही कटकट कशासाठी, असं वाटत असेल तर एकच गोष्ट सांगतो. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये जाहीर केलं. गाडी मोंढ्यात चालू ठेवून हमाल माल भरतात तेव्हा तो धूर कोणाच्या छातीत जातो, ते तुम्हीच बघा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा 1988 आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 ही दोन पुस्तकं. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

1. कलम 52, गाडीत बदल. आरसीवरची माहिती आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. आता तुमची आरसी काढून बघा. उत्सर्जन मानकासमोर भारत स्टेज 6 लिहिलेलं दिसेल. जाळी काढली की कागदावर बीएस-6 आणि रस्त्यावर वेगळीच गाडी!

2. कलम 182-अ, पोटकलम 4. 2019 च्या दुरुस्तीत हे आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. जाळी काढणं, ईजीआर बंद करणं, प्रोग्रॅम बदलणं, हे मोजायला बसलं तर एक राहत नाही.

3. नियम 115 आणि कलम 190(2). नियम 115 सांगतो की गाडी धुराच्या मानकात बसेल अशा स्थितीत ठेवायची आणि तशीच चालवायची. प्रदूषणाचं मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. दुसऱ्या वेळी कैद सहा महिन्यांपर्यंत जाते.

इथे मालक लोकांनी कान द्यावा. हे कलम फक्त चालवणाऱ्याला लागत नाही, तर चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागतं. "गाडी ड्रायव्हरकडे असते, मला काय माहीत" हे उत्तर पुरत नाही. आणि ड्रायव्हरच्या बाजूने बघा: बदल मालकाने केला, पण लायसन्स गेलं ते त्या पोराचं. त्याचं घर त्याच लायसन्सवर चालतं.

4. नियम 116. तुमच्याकडे चालू पीयूसी असलं तरी गाडी धुराच्या नियमात बसत नाही असं वाटायला कारण असेल, तर मोटार वाहन निरीक्षक किंवा पोलीस उपनिरीक्षक व त्यावरचा अधिकारी गाडी पुन्हा तपासायला पाठवू शकतो.

5. कलम 53. गाडी कायद्यात बसत नसेल तर नोंदणी तात्पुरती स्थगित होऊ शकते. म्हणजे ऐन सीझनमध्ये गाडी दारात उभी.

काही जण वाद घालतात की कायद्यातला 'बदल' म्हणजे गाडीच्या ढाच्यातला बदल, आणि जाळी काही ढाचा नाही. वकिलांनी तो वाद कोर्टात जरूर घालावा. पण तो वाद जिंकला तरी नियम 115 आणि कलम 190(2) तिथेच उभं आहे. तिथे प्रश्न ढाच्याचा नाही, धुराचा आहे. एक दार बंद केलं तरी दुसरं उघडंच राहतं.

"पण पीयूसी तर पास होते ना?"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. डिझेल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून अॅक्सिलरेटर दाबतात आणि धूर किती काळा आहे ते मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलंच जात नाही. त्यामुळे ईजीआर किंवा एससीआर बंद असलेली गाडीसुद्धा पीयूसीतून निघून जाऊ शकते. पीयूसीचा कागद म्हणजे 'त्या दिवशी एवढी एक तपासणी पास' इतकंच. गाडीतले बदल कायदेशीर झाले असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि पिकअप ही व्यावसायिक गाडी आहे. पासिंग म्हणजे फिटनेस तुम्हाला चुकत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. तिथे सायलेन्सरची वेल्डिंग आणि लाइन लपवणार किती वेळा?

हे फक्त गरीब पिकअपवाल्यालाच आहे का?

हा राग मला समजतो. पण नाही. आपल्या भागात ज्या टवेरात बसून अर्ध्या मराठवाड्याने वऱ्हाडं नेली, ती आठवते का? 2013 मध्ये जनरल मोटर्सला धुराच्या नियमांवरूनच तब्बल 1.14 लाख टवेरा परत बोलवाव्या लागल्या. 2015 मध्ये फोक्सवॅगनची चोरी जगभर उघडी पडली. तपासणीत वेगळं आणि रस्त्यावर वेगळं वागणारा प्रोग्रॅम त्यांनी गाडीत टाकला होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासण्या केल्या, कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला बोलावल्या, आणि मार्च 2019 मध्ये हरित लवादाने 500 कोटींचा दंड सांगितला. पुढे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि वसुलीला स्थगिती मिळाली, तो भाग वेगळा. गॅरेजवाला 'प्रोग्रॅम मारतो' म्हणतो तेव्हा तो त्याच जातीचं काम करत असतो, फक्त छोट्या प्रमाणात.

अमेरिकेत तर हा धंदाच झाला होता. तिथल्या पर्यावरण खात्याने 2020 मध्ये अंदाज दिला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा काढली गेली. मग त्यांनी एकेक मालकाच्या मागे न लागता किट आणि प्रोग्रॅम विकणाऱ्यांना धरलं. आपल्याकडेही विक्रेत्याला सूट नाही. कलम 182-अ च्या पहिल्या पोटकलमात नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तसा बदल करून देणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे.

आता वही काढा, हिशोब करू

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

- गाडी महिन्याला 2,000 किलोमीटर, अॅव्हरेज 12, डिझेल 90 रुपये.
- गॅरेजवाला म्हणतो अॅव्हरेज 13 होईल. त्याचा शब्द खरा धरू.
- आधी 167 लिटर लागायचं, आता 154. वाचले 13 लिटर, म्हणजे महिन्याला साधारण 1,170 रुपये.
- कामाचे त्याने 25,000 घेतले असतील तर नुसतं मुद्दल फिटायला 21-22 महिने.

ही झाली वहीची एक बाजू, तीसुद्धा त्याचा शब्द खरा धरून. दुसऱ्या बाजूला काय काय लिहायचं? वॉरंटी हातातून जाते. दंड वेगळा. गाडी अडकली तर भाडं बुडतं. विम्याच्या वेळी सर्व्हेअरला कंपनीला न कळवलेला बदल दिसला तर वाद सुरू होतो. गाडी फायनान्सवर असेल तर तारण ठेवलेल्या वस्तूलाच तुम्ही हात लावलाय. आणि विकताना जाणकार गिऱ्हाईक भाव पाडणारच, नाहीतर नवी जाळी तुम्हालाच बसवून द्यावी लागेल.

बचत महिन्याला हजाराची, आणि जोखीम अख्ख्या गाडीची. धंद्यात याला सौदा म्हणत नाहीत.

मग दिवा लागला तर करायचं काय?

जाळी स्वतःहून क्वचितच बिघडते. बहुतेक वेळा ती दुसऱ्या कुठल्यातरी आजाराने भरते. म्हणून हा क्रम पाळा:

1. गाडी पळू द्या. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की सायलेन्सर तापत नाही आणि काजळी जळत नाही. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग, एका गतीने गाडी चालवा. रिजनरेशन चालू असताना मध्येच इंजिन बंद करू नका.
2. जागा बघून थांबा. या वेळी सायलेन्सर प्रचंड तापतो. कडब्यावर, सोयाबीनच्या भुसकटावर किंवा खळ्यात गाडी उभी करू नका. आग लागायला वेळ लागत नाही.
3. तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं टाका. बीएस-6 ला कमी राख करणारं इंजिन ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीत साचतच जाते.
4. डिझेल चांगल्या पंपावरूनच घ्या. भेसळीचं डिझेल दोन रुपयांनी स्वस्त आणि जाळीला महाग.
5. युरियाचा जुगाड नको. काही जण शेतातला युरिया पाण्यात कालवून डीईएफच्या टाकीत ओततात. डीईएफमध्ये 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी असतं. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. तो फवारा आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खराब करतो. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं हा खत नियंत्रण आदेश 1985 नुसार वेगळा गुन्हा आहे. सीलबंद कॅन घ्या, आयएसओ 22241 बघून.
6. आधी कारण शोधायला लावा. स्कॅनर लावून कोड काढा, त्याचा फोटो घ्या. इंजेक्टर, टर्बो की सेन्सर, दोष कुठे आहे ते विचारा. कारण तसंच ठेवून नवी जाळी बसवली तर तीही भरेल.
7. बदलण्याआधी साफसफाई. सर्व्हिस सेंटरला फोर्स रिजनरेशन होतं का, जाळी उतरवून साफ करून मिळते का, हे विचारा. वॉरंटीत काय बसतं ते लेखी घ्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन चाचण्या

पहिली: चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी काहीतरी दडवलंय. दुसरी: गार गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. जाळी शाबूत असलेल्या बीएस-6 गाडीत काळी काजळी जवळजवळ लागत नाही. बोट काळं झालं तर भाव करू नका, सरळ दुसरी गाडी बघा. कारण आरसी तुमच्या नावावर झाली की पुढचा जाबही तुम्हालाच द्यायचाय.

आणि ज्यांनी आधीच काढलीये त्यांनी?

पुढच्या पासिंगची वाट बघू नका. काढलेली जाळी गॅरेजमध्ये पडली असेल तर आजच ताब्यात घ्या. आतल्या धातूंमुळे तिला भंगारातही भाव येतो, म्हणून ती फार दिवस टिकत नाही. मग सर्व्हिस सेंटरला मूळ प्रोग्रॅम टाकून घ्या, जाळी बसवा आणि बिल जपून ठेवा.

गोरेगावच्या भावाला मी हेच कळवलंय: आधी स्कॅनचा कागद काढा, खर्चाचं नंतर बोलू. तुमच्या गाडीचाही दिवा लागत असेल तर या आठवड्यात तेवढं एक काम करा. पुढच्या भागात पिकअपचं भाडं किलोमीटरवर कसं ठरवायचं ते बघू, म्हणजे अशा दुरुस्तीचे पैसे भाड्यातूनच बाजूला पडतील.