दोन घरांची एक खतावणी

दिवाळीच्या वहीपूजनाला जाफराबादच्या बाजारपेठेत दुकानांच्या नव्या वह्या उघडतात. जुन्या वर्षाची येणी-देणी तपासली जातात, आणि ज्याच्या नावे रक्कम पडते त्याचे नाव नव्या खतावणीत नीट उतरवले जाते. मृत व्यक्तीच्या नावे उधारी लिहिणारा व्यापारी शोधूनही सापडणार नाही. मात्र त्याच दुकानाच्या माडीवरील घराचे वीजबिल पुष्कळदा केव्हाच दिवंगत झालेल्या आजोबांच्या नावाने येत असते. गॅसची नोंदणी आजींच्या नावावर असते. बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक परदेशी गेलेल्या मुलाच्या जुन्या सिमकार्डावर चालू असतो. घरात माणसे आहेत तोवर यात कोणाचे काही अडत नाही. माणसे दूर गेली की मात्र ही दुर्लक्षित खाती बोलू लागतात.

जाफराबाद हे जालना जिल्ह्यातील, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. येथील व्यापारी कुटुंबांतील मुले पूर्वी शिक्षणासाठी जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्यापर्यंत जात. आता ती त्याहून पुष्कळ दूर जातात. त्या दूरच्या ठिकाणांत मेक्सिकोचेही नाव येऊ लागले आहे. ग्वादालाहारा आणि मोंतेरे या मेक्सिकन शहरांत टीसीएस व इन्फोसिस या भारतीय कंपन्यांनी २००७ च्या सुमारासच आपली केंद्रे उभारली. अशा वेळी एका कुटुंबाला दोन घरे सांभाळावी लागतात. एक, मागे राहिलेले. दुसरे, परक्या देशात नव्याने मांडलेले. दोन्ही ठिकाणी वीज, पाणी, गॅस आणि फोन या चारच गोष्टी आहेत, आणि दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्नही एकच आहे: हे कोणाच्या नावावर आहे?

मागे राहिलेले घर

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा-सून ग्वादालाहाराला आहेत. आई-बाबा जाफराबादला राहतात, आणि वर्षातील चार महिने मुलीकडे पुण्याला जातात. त्या काळात घराला कुलूप असते. मीटरचे वाचन घेणाऱ्यास आत जाता येत नाही, म्हणून बिल सरासरीने येते. एकही युनिट जळाले नाही तरी स्थिर आकार लागतोच. बिल दाराच्या फटीतून आत पडते आणि तेथेच राहते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे संरक्षण मोलाचे आहे. पण नोटीस दिवंगत आजोबांच्या नावे आली आणि संदेश बंद पडलेल्या क्रमांकावर गेला, तर ते संरक्षण कोणाच्या हाती पोहोचणार?

यावरचा उपाय साधा आहे. महावितरणकडे वारसाच्या नावे ग्राहकनाव बदलून घ्यावे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचा पुरावा, अन्य वारसांची संमती आणि नगरपंचायतीची मालमत्ता कराची पावती अशी कागदपत्रे हाताशी ठेवावीत. चालू मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदवावा. बारा आकडी ग्राहक क्रमांक माहीत असल्यास संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून बिल कोठूनही पाहता आणि भरता येते. एकाच खात्यात घर, दुकान आणि गोदाम यांचे वेगवेगळे ग्राहक क्रमांक जोडता येतात. कागदी बिलाऐवजी ई-मेलने बिल घेणाऱ्यास दर बिलामागे १० रुपयांची सवलतही महावितरणने लागू केली. सवलत किरकोळ वाटेल. पण दाराच्या फटीत पडून राहणारा कागद टळतो, हा लाभ मोठा आहे. महावितरणकडे जमा असलेल्या सुरक्षा ठेवीवर व्याज मिळते आणि ते बिलात वळते होते. नाव योग्य असेल तर पुढे जोडणी कायमची बंद करताना ही ठेव परत घेणेही सुलभ जाते.

गॅसचेही तसेच. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल किंवा कुटुंब कायमचे दुसऱ्या गावी जाणार असेल, तर सिलिंडर व रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून अनामत रक्कम आणि जोडणी बंद केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. हे प्रमाणपत्र पुढे नव्या जोडणीच्या वेळी उपयोगी पडते. भरलेला सिलिंडर कुलूपबंद घरात सोडून जाणे हा हिशेबाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

दहा आकड्यांची किल्ली

या चारांत सर्वांत नाजूक गोष्ट फोनची आहे. वीज तुटली तर घरात अंधार होतो. मोबाइल क्रमांक गेला तर बँकेचे दारच बंद होते. व्यवहारासाठी लागणारा ओटीपी, आधारची पडताळणी, विजेच्या बिलाचा संदेश या साऱ्यांची किल्ली तो दहा आकडी क्रमांक आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास तेवढी रक्कम वळती करून क्रमांक पुढे टिकवण्याची तरतूदही त्यातच आहे. बंद झालेला क्रमांक आणखी किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही. त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाच्या हाती जाऊ शकतो. म्हणजे मुलाने परदेशी गेल्यावर भारतीय सिमकार्ड पाकिटात ठेवून दिले, रिचार्ज केले नाही, आणि बँकेत क्रमांकही बदलला नाही, तर सहा-सात महिन्यांत त्याच्या खात्याचे संदेश एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागणे अशक्य नाही.

प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना केवळ बोलणे व संदेश यांसाठीची, इंटरनेटविरहित पॅकही उपलब्ध करण्यास सांगितले आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. परदेशी असलेला मुलगा आणि घरातील वृद्ध, दोघांनाही ही सोय उपयुक्त आहे. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, म्हणजे निदान संदेश येत राहतील. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते.

येथे बँकेचाही नियम लक्षात ठेवावा. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार ते एनआरओ खात्यात रूपांतरित करावे लागते. त्याच वेळी नवा परदेशी क्रमांक व ई-मेल नोंदवून घ्यावा. यूपीआयविषयी मात्र गैरसमज नको. राष्ट्रीय देयक महामंडळाने जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा दिली, ती प्रथम १० देशांपुरती होती. त्यांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांची नावे होती, मेक्सिकोचे नव्हते. म्हणूनच तेथे जाणाऱ्याला भारतीय क्रमांक जिवंत ठेवणे अधिक अगत्याचे ठरते.

नव्याने मांडलेले घर

आता दुसऱ्या घराकडे वळावे. जाफराबादच्या घरी आजोबांचे नाव बदलण्याची चिंता, तर ग्वादालाहाराच्या भाड्याच्या घरी विजेचे बिल बहुधा घरमालकाच्या नावानेच येते आणि तसेच राहते. मेक्सिकोत घरोघरी वीज पुरवते ती १९३७ मध्ये स्थापन झालेली ‘सेएफे’ ही सरकारी संस्था. घरगुती बिल साधारणपणे दोन महिन्यांनी येते. ते बँकेत, संस्थेच्या केंद्रांवर किंवा गल्लोगल्ली असलेल्या ‘ओक्सो’ दुकानांत रोखीने भरता येते.

हा कागद केवळ पैशांचा नव्हे. बँकेत खाते उघडताना किंवा मासिक बिलाचा फोन घेताना तेथे निवासाचा पुरावा मागतात, आणि तो पुरावा म्हणजे बहुधा अलीकडचे विजेचे, पाण्याचे किंवा फोनचे बिल. बिल घरमालकाच्या नावे असेल तर सोबत भाडेकरार लागतो. म्हणून करार लेखी असावा, त्यावरील पत्ता व बिलावरील पत्ता अक्षरशः एक असावा, आणि प्रत्येक बिलाची प्रत जपावी. घर घेण्यापूर्वी मागील बिल अवश्य पाहावे. आधीच्या भाडेकरूची बाकी राहिली असेल तर पुरवठा अडचणीत येतो. शिवाय तेथे घरगुती विजेला सरकारी अनुदान असते. मात्र मागील १२ महिन्यांची सरासरी मर्यादेपलीकडे गेली की ते अनुदान संपते आणि अधिक वापराचा महाग दर लागतो. समशीतोष्ण शहरांच्या पहिल्या दरश्रेणीत ही मर्यादा महिन्याला सरासरी २५० युनिटची आहे. म्हणजे आधीच्या भाडेकरूच्या वातानुकूलनाचा भार नव्या भाडेकरूच्या बिलावर काही काळ राहू शकतो.

आणखी एक गोष्ट सामान बांधतानाच ध्यानात घ्यावी. मेक्सिकोत घरगुती वीज १२७ व्होल्ट व ६० हर्ट्‌झची, तर आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झची. आईने प्रेमाने दिलेला मिक्सर तेथे नीट चालणार नाही. प्रेशर कुकर मात्र आवर्जून न्यावा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी १०० अंशांपूर्वीच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो.

पाण्याबाबत जैन घरांत प्रश्न अधिक बारकाईने विचारला जातो. तेथे नळाचे पाणी जमिनीखालच्या टाकीतून छपरावरील ‘तिनाको’ टाकीत चढते, आणि ते सहसा पिण्यासाठी वापरत नाहीत. पिण्यासाठी सुमारे २० लिटरचा ‘गारराफोन’ नावाचा जार विकत घेतात. गाळून, उकळून पाणी पिण्याची सवय असणाऱ्यांना हे रुळायला जड जात नाही. पातेले, गाळणे आणि वेळेचे बंधन एवढे जपले की झाले. गॅस बहुधा छपरावरील स्थिर टाकीत गाडीतून भरून घेतात, किंवा सिलिंडर घेतात. काही मोठ्या शहरांत नळाने नैसर्गिक वायू येतो. टाकी भरताना मापकावरील आकडा आधी व नंतर पाहावा, हे व्यापाऱ्याच्या मुलाला सांगावे लागू नये.

फोन मिळवणे तुलनेने सोपे आहे. तेलसेलसारख्या कंपन्यांचे प्रीपेड सिमकार्ड दुकानात मिळते. देशाचा संकेतांक ५२, आणि ३ ऑगस्ट २०१९ पासून देशांतर्गत सर्व फोन केवळ दहा आकडे फिरवून लागतात. त्यामुळे जुन्या वह्यांतील जादा आकडे काढून टाकावेत. सेवेविषयी तक्रार उद्भवल्यास ‘प्रोफेको’ ही ग्राहक संरक्षण संस्था आहे.

साडेअकरा तासांचे अंतर

मेक्सिकोशी मराठी माणसाचा संबंध नवा नाही. वर्ध्याकडील क्रांतिकारक व कृषितज्ज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये तेथे पोहोचले, चापिंगो येथील कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि दीर्घकाळ राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केले. त्या काळी घरची खुशाली समुद्रमार्गे येणाऱ्या पत्रावर अवलंबून असे. आज मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केल्यापासून ग्वादालाहारा आणि जाफराबाद यांत वर्षभर साडेअकरा तासांचेच अंतर राहते. जाफराबादला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तेथे सकाळचे साडेआठ झालेले असतात. इकडे दुकान मिटत असते, तिकडे मुलगा कामाला निघत असतो. रोजचे बोलणे होण्यास ही वेळ चांगली आहे.

पण ते बोलणे केवळ ‘जेवलास का’ एवढ्यावर थांबू नये. मुलगा निघण्यापूर्वी बाबांनी व त्याने एक संध्याकाळ एकत्र बसून घरखर्चाच्या वहीचे एक पान लिहावे: विजेचा ग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, प्रत्येक सिमकार्डाचा धारक व रिचार्जची तारीख, कोणत्या बँकेला कोणता क्रमांक जोडला आहे, आणि प्रत्येक नोंदीसमोर ते सध्या कोणाच्या नावे आहे. त्याची एक प्रत मुलाजवळ, एक कपाटात. त्या पानावर पासवर्ड किंवा पिन मात्र कधीही लिहू नये. दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी, दुकानाच्या खतावणीबरोबरच, हे पानही नव्याने उतरवावे. ज्या नोंदीसमोरचे माणूस आता घरी नाही, तेथे त्याच आठवड्यात अर्ज करावा.