न दिसणारा उजेड आणि शेजारच्या मावशी



परवा शेजारच्या मावशींनी आम्हाला हाक मारली. वयोमानाने त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. म्हणाल्या, "अगं सिस्टर, चीनमध्ये असं भिंग निघालंय म्हणे, डोळे मिटले तरी दिसतं! मला नातवाचं तोंड दिसेल का गं?"

आम्ही घाईने उत्तर दिले नाही. आधी विषय नीट वाचला. तोच इथे सांगतो.

टीव्हीच्या रिमोटमधून उजेड निघतो, पण आपल्याला दिसत नाही. तो अवरक्त प्रकाश. बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात त्या यंत्रातही एक दिवा लाल आणि दुसरा असा न दिसणारा असतो. हा उजेड कातडीतून आत शिरतो, पण त्याचे कण कमी शक्तीचे. डोळ्याला हवा बंदा रुपया आणि हे तर आठ आण्याचे नाणे!

मग दोन आठ आणे जोडून रुपया करता येईल का? येतो. १९६६ साली फ्रान्समध्ये ओझेल यांनी आणि सोव्हिएत रशियात ओव्हस्यांकिन व फेओफिलोव्ह यांनी हे दाखवले. इटर्बियम नावाची धातू अवरक्त कण पकडते आणि शेजारच्या अर्बियमला देते. असे दोन हप्ते मिळाले की अर्बियम एक हिरवा कण बाहेर टाकते. थोडी दलाली वाटेत कापली जातेच.

औषधासाठी हे स्फटिक केसापेक्षा हजारो पटींनी बारीक करावे लागतात. तिथेच अडचण येते. इतक्या लहान दाण्यात बरीचशी धातू पृष्ठभागाजवळ असते आणि तिची शक्ती आजूबाजूच्या पाण्यात निसटते. उपाय आपल्या करंजीसारखा! आत सारण, बाहेर पारी. २००७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात अशा साध्या आवरणाने अर्बियमचा उजेड सातपटीहून जास्त वाढला, थुलियम धातूचा जवळजवळ तीसपट. कोणी जवळ सोन्याचे सूक्ष्म कण ठेवतात, ते उजेड एका जागी गोळा करतात.

२०१९ मध्ये असे कण डोळ्यात टोचलेल्या उंदरांना अवरक्त उजेड दिसला. २०२५ मध्ये चीनमधील हफेई येथील शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांबरोबर हे कण डोळ्यावर बसणाऱ्या मऊ भिंगात घातले. माणसांना अवरक्त दिव्याची उघडझाप दिसली, मिटल्या डोळ्यांनी तर अधिक चांगली, कारण हा उजेड पापणीतून पार होतो. मात्र दिवा प्रखर लागतो आणि नुसत्या भिंगाने बारकावे दिसत नाहीत.

आणि मुख्य गोष्ट अशी की भिंग फक्त उजेड बदलते. पाहायचे काम पडद्यालाच करावे लागते. पडदा झिजला तर भिंग काय करणार?

हे मावशींना सांगणे जड गेले. पण खोटी आशा देणे आम्ही नर्सिंगमध्ये कधी शिकलो नाही. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं खरं सांगितलंस. आता नातवाला सांग, येऊन माझ्याजवळ बस आणि बोल."

मुलांनो, हा निरोप तुम्हालाही आहे.