उत्तरेच्या नदीवर जाताना कोरडे कपडे हीच खरी शिदोरी

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या विरळ वस्तीच्या प्रदेशातून साउथ नहानी नदी वाहते. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी जाहीर केली, तीत या नदीच्या राष्ट्रीय उद्यानाचा समावेश होता. नायगाऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीचा व्हर्जिनिया धबधबा आणि त्याखालच्या खोल घळी पाहण्यासाठी हौशी प्रवासी येथे कनू ही अरुंद होडी वल्हवत आठ-दहा दिवसांची सफर करतात. वाटेत गाव नाही, दुकान नाही, रस्ताही नाही. कॅनडातील आप्तांकडे उन्हाळ्यात जाणारे कोणी गोमंतकीय अशा सफरीचा विचार करत असतील, तर त्यांनी सामानाचा विचार आधी करावा.

आपल्याकडे भिजण्याचे भय कोणाला नसते. आषाढातल्या पावसात अंगावरचे सुती कपडे भिजतात आणि अंगावरच वाळतात. उत्तरेत मात्र ही सवय जिवावर बेतू शकते. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शोषून घेते आणि ओले सुती कापड अंगाला चिकटून तोच परिणाम लांबवते. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी कॅनडात एक सूत्र शिकवले जाते : श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्यासाठी दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. पण या तासाचा उपयोग अंगात लाइफ जॅकेट असेल तरच होतो.

म्हणून कपड्यांचे दोन संच करावेत. पहिला नदीवरचा, म्हणजे भिजणार हे गृहीत धरलेला. त्यात अंगालगत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर फ्लीस आणि सर्वांवर वारा-पाऊस अडवणारे जाकीट व विजार असावी. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. दुसरा संच मुक्कामाचा : कोरडा सदरा, विजार, जाड पायमोजे आणि कानटोपी. सकाळी कालचे ओले कपडे पुन्हा चढवणे जिवावर येते, तरीही या दुसऱ्या संचाला हात लावू नये. होडी उलटली तर तोच संच उपयोगी पडणार असतो. तो आणि स्लीपिंग बॅग पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत ठेवून त्या पिशव्या होडीला बांधाव्यात. आगपेटी किंवा लायटर आणि शिट्टी मात्र लाइफ जॅकेटच्या खिशात हवी. होडी वाहून गेली, तर खिशात आहे तेवढेच आपल्याजवळ उरते.

वजनाचे भान तितकेच महत्त्वाचे. प्रवासी सामान्यतः फोर्ट सिम्प्सन या गावाहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जातात आणि त्यात किलोकिलोचा हिशेब होतो. धबधब्याच्या वर उतरल्यास होडीसह सारे सामान पाठीवरून खाली न्यावे लागते. त्यामुळे जीनची पँट आणि जादा बूट घरीच ठेवावेत. मात्र डास व चावऱ्या माश्यांसाठी फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरची जाळी हवीच.

दोन वस्तू भारतातून नेऊ नयेत. अस्वलाला रोखणारा तिखटाचा फवारा प्रवासी विमानात चालत नाही, म्हणून तो तिथेच विकत घ्यावा. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरणही तिथेच भाड्याने घेऊन तिथेच परत करावे. परवानगीशिवाय असे उपकरण भारतात बाळगणे बेकायदा आहे.

निघण्यापूर्वी घरी एक परीक्षा अवश्य घ्यावी. प्रत्येक पिशवीत जुने वर्तमानपत्र घालून तोंड घट्ट गुंडाळावे आणि ती पाण्याने भरलेल्या टबात पाच मिनिटे दाबून धरावी. कागद ओला निघाला, तर ती पिशवी बदलावी. नदीवर गेल्यावर ते शक्य होत नाही.