माळवदाच्या कोपऱ्यातले सोबती

सिरसाळ्यासारख्या परळी तालुक्यातल्या गावात माळवदाचं जुनं घर असो की स्लॅबचं नवं, छताच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतोच. शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. जाळ्याला बोट लावा, तो अंग इतक्या वेगानं घुसळतो की नुसता धूसर ठिपका दिसतो. भक्षकाला नेम धरता येऊ नये म्हणून ही युक्ती. मादी अंड्यांचा इवलासा पुंजका चार धाग्यांत बांधून पिल्लं निघेपर्यंत जबड्यात धरून ठेवते. जाळ्यात डास अडकतात, डेंग्यू पसरवणारे एडिससुद्धा. दिवाळीला जळमटं काढा, पण कोळी मारू नका.

भिंतीवर टुणकन उडी मारणारा प्लेक्सिपस कोळी जाळं विणतच नाही. त्याच्या उडीचं गुपित पायांत आहे. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय ताणणारे स्नायू नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताणतो. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडतात.

तळहाताएवढा, चपटा हेटेरोपोडा कोळी रात्री झुरळं टिपतो. त्याला पाहून घाबरायला होतं, हे खरं. पण तो माणसाच्या वाटेला जात नाही. अगदी चिमटीत पकडला तरच चावतो, दुखतं, बरं होतं.

पावसाळ्यात सकाळी मानेवर पट्ट्यासारखे फोड दिसले की बोल कोळ्याला लागतो. बहुतेकदा ते काम दिव्यावर येणाऱ्या पिडेरस या बारीक, काळ्या-नारिंगी किड्याचं असतं. तो चिरडला की त्यातला रस कातडी भाजतो. अंगावर बसलाच, तर फुंकून उडवा आणि जागा साबणानं धुवा.